शेजाऱ्याचं पाणी

दोनशे सदतीस शोधनिबंध.
खिडकीपाशी ढीग लावून ठेवलेत,
सगळ्यात वरच्यावर कॉफीच्या कपाचा गोल डाग.
मार्चअखेरपर्यंत, तीस पानांत
मला त्यांचा आढावा लिहायचाय,
आणि अकरा दिवस झाले, पहिलं वाक्य जमत नाहीये.

सुरुवात सगळ्यांची सारखीच :
समजा, 'न' इतके घटक आहेत.
प्रत्येकाला फक्त शेजारी दिसतो.
वर कुणी नाही. मुकादम नाही, शिट्टी नाही.
शेजाऱ्याकडे बघायचं
आणि आपलं म्हणणं थोडंसं
त्याच्या बाजूला सरकवायचं.
पुन्हा बघायचं. पुन्हा सरकवायचं.
आलेख कुठे तुटलेला नसेल
तर सगळे एका आकड्यावर येतात.

सिद्धता दीड पानाची.
पहिल्यांदा वाचली तेव्हा मी तेवीस वर्षांची होते.
काही न सुचून सायकल काढली
आणि कालव्याच्या कडेनं अंधार पडेपर्यंत जात राहिले.

आता त्याच कालव्यावर,
ख्रोनिंगनच्या उत्तरेला, समुद्राहून खालच्या जमिनीत,
आमचे चौदा पंप उभे आहेत.
प्रत्येकाला दोनच शेजाऱ्यांची पातळी कळते.
ऑक्टोबरात सातव्याच्या सेन्सरवर शिंपले चढले.
तो म्हणत राहिला : उणे एक चाळीस.
उणे एक चाळीस.
खोटं बोलत नव्हता बिचारा, अडकला होता.
बाकीचे तेरा सभ्य, ऐकून घेणारे,
रात्रभर तसूतसूनं त्याच्याकडे सरकले,
पाणी खालीच आहे म्हणून निवांत झाले,
आणि पहाटे एप्पो वीर्समाच्या बीटच्या शेतात
बदकं पोहत होती.

अडेल घटक, असं नाव आहे याला.
निबंध क्रमांक एक्याण्णव ते एकशे आठ.
जो ऐकत नाही त्याच्याकडे सगळे जातात.
आढाव्यात मी हे वाक्य
कर्मणी प्रयोगात लिहिलं.

एप्पो गावच्या सभागृहात गमबूट घालूनच आला.
त्याला पाणी हवं उणे एक चाळीसवर, कायमचं.
गेस्केला हवं उणे नव्वद सेंटिमीटर,
कोरड्या मातीत ग्रुटोची चोच शिरत नाही,
आणि तिच्या वहीत यंदा फक्त सहा घरटी.
मी फळ्यावर सरासरी काढून दाखवली :
उणे एक पंधरा.
इतकं पाणी बीट कुजायला पुरतं
आणि चोचीला पुरत नाही.
कुणीतरी खोकलं. मी फळा पुसला.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात.
असेल.
पण आधी बघावं लागतं
पाचातलं कुठलं तोंड शिंपल्यांनी भरलंय.

मागच्या बाकावर रूल्फ बसला होता,
स्वयंचलित होण्याआधी सातवा पंप त्याच्या हातात होता.
तो सभेत बोलला नाही. बाहेर, सायकलचं कुलूप काढताना म्हणाला,
"आम्ही आधी आपल्या पाण्यात काठी घालायचो.
मग शेजाऱ्याला विचारायचो."
आणि दिवा लागत नाही म्हणून चालतच गेला.

डिसेंबरात ऐकलं,
एप्पोनं नाल्याकडची सखल पट्टी
जूनच्या मध्यापर्यंत गेस्केला दिली,
मधे मातीचा छोटा बांध घालून.
बदल्यात काय, ते दोघंही सांगत नाहीत.
दोन पातळ्या, एक बांध.
दोनशे सदतीसांत हे कुठेच नाही,
म्हणजे मला तरी सापडलं नाही.

रात्री अडीचला फोनवर आकडे बघते.
सहावा : उणे एक बावीस.
सातवा : उणे एक बावीस.
आठवा : उणे एक एकोणीस,
त्याचं अजून पटायचंय.

दाराआड काठी आहे, सेंटिमीटरच्या खुणा कोरलेली.
बाहेर धुकं आहे, आणि पहिलं वाक्य अजून नाही.
मी गमबूट शोधते.